भित्रा, भ्याड आणि भेडकी

कार्तिक सरत आला म्हणजे गोंदिया जिल्ह्याच्या अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या रानाकाठच्या बांध्यांमध्ये धान पिवळे पडते, लोंब्या जड होऊन वाकतात, आणि दिवसा माणसाच्या मालकीची असणारी ती शेते रात्री रानडुकरांच्या कब्जात जाऊ नयेत म्हणून शेतकरी मचाणावर कांबळे पांघरून जागलीला बसतात. नवेगावबांधच्या तलावापासून दोन-अडीच कोसांवरच्या अशाच एका मचाणावर, मास्तरकीच्या निमित्ताने त्या मुलखात राहत असताना, पुष्कळ वर्षांपूर्वी मी एक रात्र काढली. मचाणाचा मालक साठी उलटलेला, बोलण्यात काटकसरी आणि विडी ओढण्यात उदार असा गृहस्थ होता. मध्यरात्रीच्या सुमारास रानाच्या कडेने कुत्र्याच्या भुंकण्यासारखा, पण त्याहून घोगरा, एकेरी, तुटक असा आवाज येऊ लागला. थोडा थांबे, पुन्हा येई, आणि तो कोणत्याही गावच्या कुत्र्याचा नव्हे हे माझ्यासारख्या नवख्यालाही कळत होते. विचारले तेव्हा म्हातारा म्हणाला, ‘भेडकी.’ पुस्तकी मराठीत जिला भेकर म्हणतात ती ही हरणाच्या जातीची लहानखुरी, तांबूस, एकटी राहणारी पशुव्यक्ती. अर्धा तास उलटला तरी आवाज थांबेना, तेव्हा मी आपल्या पांढरपेशा पांडित्याने म्हणालो, ‘मोठंच भेकड जनावर दिसतं.’ म्हाताऱ्याने विडी तोंडातून काढली. ‘तिले भेकड कायले म्हन्ता जी, गुरजी? थे बोंबलते म्हून आपन वाचतो.’ एवढे बोलून त्याने मचाणाखालच्या शेकोटीत दोन लाकडे सारली आणि तो रानाकडे तोंड करून बसला.

मी आयुष्यभर मराठी शिकवली, पण ‘भेकड’ हा शब्द वापरताना आपण कोणावर काय लादतो याचा विचार मी त्या रात्रीपूर्वी केला नव्हता. तो विचार तेव्हापासून मागे लागला तो अजून सुटलेला नाही, आणि हा लेख म्हणजे त्याचाच एक हप्ता आहे.

धैर्य नसलेल्या माणसाला नावे ठेवण्याच्या बाबतीत मराठी भाषा कमालीची श्रीमंत आहे. भित्रा, भ्याड, भेकड, भेदरट, घाबरट, नेभळट, शेळपट, पुळचट, पळपुटा, डरपोक, कचदिल, नामर्द, भागूबाई: ही यादी अशीच लांबवता येईल. कोशात पाहू जाता ‘भित्रा’ उघडावा तर ‘भ्याड’ पाहा, ‘भ्याड’ उघडावा तर ‘भेकड’ पाहा, असा एका दारातून दुसऱ्या दारात ढकलण्याचा प्रकार होतो. १८३१ साली मोल्सवर्थसाहेबांचा मराठी-इंग्रजी कोश छापून निघाला, १८५७ मध्ये त्याची वाढवलेली आवृत्ती आली, आणि दाते-कर्वे यांनी १९३२ ते १९३८ या काळात महाराष्ट्र शब्दकोशाचे सात खंड सिद्ध केले. या थोर पुरुषांच्या श्रमांना नमस्कार करूनही असे म्हणावेसे वाटते, की कोश शब्दाचा अर्थ सांगतो, त्याचे वजन मात्र सांगत नाही. मोल्सवर्थ तर स्वतः कंपनी सरकारच्या पलटणीतला अधिकारी. या शब्दांचे वजन त्याच्या कानाला आपल्यापेक्षा अधिक जाणवले असावे.

वजन तोलायला माझ्याकडे एक साधा तराजू आहे. तो शब्द माणूस स्वतःविषयी वापरू शकतो का, हे पाहावे. ‘मी बुवा जरा भित्राच आहे, पाण्यात उतरायला सांगू नका,’ असे आपण चारचौघांत हसत म्हणतो. त्यात थोडी लाज असेल, थोडे लाडही असतील, पण अब्रू जात नाही. आई शाळेत पोराला पोहोचवताना ‘आमचा बाळ्या भित्रा आहे हं, गुरुजी,’ असे सांगते ते त्याला सांभाळून घ्या म्हणून सांगते. ‘मी घाबरट आहे’ हेही चालते. परंतु ‘मी भ्याड आहे’ हे वाक्य व्याकरणदृष्ट्या निर्दोष असूनही मराठीत कोणी बोलत नाही. बोललाच तर तो नाटकातल्या तिसऱ्या अंकात, पश्चात्तापाने कपाळ बडवीत बोलतो. ‘भ्याड’ हा शब्द नेहमी दुसऱ्याच्या दिशेने फेकायचा असतो.

दुसरी कसोटी लहान मुलांची आणि जनावरांची. गोष्टीतला ससा शतकानुशतके ‘भित्रा ससा’ आहे. त्याला ‘भ्याड ससा’ कोणत्याही आजीने म्हटलेले मी ऐकलेले नाही. चार वर्षांचे पोर अंधाऱ्या माजघरात जायला तयार होत नाही, तेव्हा बाप चिडला तरी ‘भित्रट कुठला’ म्हणेल, ‘भ्याड’ म्हणणार नाही. कारण उघड आहे. ससा काय किंवा पोर काय, कोणाचे रक्षण करण्याचा, कोठे उभे राहण्याचा, शब्द पाळण्याचा करार त्यांनी केलेला नसतो. ज्याने उभे राहायला हवे होते आणि जो उभा राहिला नाही, त्यालाच ‘भ्याड’ म्हणता येते. म्हणजे ‘भित्रा’ हे स्वभावाचे वर्णन झाले आणि ‘भ्याड’ ही फिर्याद झाली. तीत फिर्यादी लागतो, आरोपी लागतो आणि मोडलेले कर्तव्यही लागते. ‘भेकड’ या दोहोंच्या मध्ये कोठेतरी बसतो. त्यात फिर्यादीचा आवेश नसतो, तुच्छता मात्र पुरेपूर असते. आणि मी त्या रात्री एका निरपराध जनावरावर जी लादली ती हीच तुच्छता. (भेकर आणि भेकड यांचे नाते जोडण्याचा मोह कोणालाही होईल; परंतु नुसत्या ध्वनिसाम्यावर सोयरीक जुळवणे हे व्युत्पत्तिशास्त्रात फार बदनाम काम आहे, म्हणून मी तो मोह आवरतो.)

या शब्दांपैकी बऱ्याच जणांचे मूळ संस्कृतातल्या ‘भी’ या धातूत आहे. पाणिनीने या धातूच्या बाबतीत दोन गोष्टी नोंदवून ठेवल्या आहेत, आणि दोन्ही आपल्या विषयाला फार उपकारक आहेत. पहिली अशी, की ज्याची भीती वाटते त्याला अपादान मानावे, अर्थात त्याची पंचमी करावी. चोरापासून भितो, वाघापासून भितो, अशी ती रचना. भयाचे कारण म्हणजे जेथून मनुष्य दूर सरतो ते ठिकाण, असे त्या व्याकरणाचे चित्र आहे. मराठीने हे चित्र पुसून टाकले. आपण चोराला भितो, वाघाला भितो, मामलेदाराला भितो. त्या मचाणाच्या मुलखात, म्हणजे झाडीपट्टीत, ‘वाघाले भेतो’ म्हणतात. देवाला नमावे, पाहुण्याला वाढावे, तसेच वाघाला भ्यावे! संस्कृतातला भिणारा पाठ फिरवून निघालेला दिसतो, मराठीतला भिणारा समोरच उभा असतो. व्याकरणावरून लोकस्वभाव काढू नये असे शहाणे सांगतात आणि ते खरेच आहे, परंतु वाघाच्या मुलखात राहिलेल्या माणसाला हा भेद गंमतीचा वाटल्यावाचून राहत नाही.

पाणिनीची दुसरी नोंद अधिक सूक्ष्म आहे. ‘भीरु’ हा शब्द ज्या प्रत्ययाने सिद्ध होतो तो त्याने ताच्छील्याच्या, म्हणजे ज्याला एखाद्या क्रियेचे शीलच पडून गेले आहे अशा कर्त्याच्या प्रकरणात घातला आहे. एकदा भ्याला तो भीरु नव्हे. भिणे ज्याच्या स्वभावात मुरले तो भीरु. एवढा विवेक दोन सहस्रकांहून अधिक काळ व्याकरणात लिहून ठेवलेला असताना आपण मात्र एका प्रसंगावरून माणसाच्या कपाळी जन्माचा शिक्का मारायला मोकळे असतो. त्यातही मौज अशी, की संस्कृत काव्यात हाच ‘भीरु’ शब्द नायक नायिकेला प्रेमाने हाक मारताना वापरतो. कालिदासाच्या रघुवंशात पुष्पक विमानातून परतणारा राम सीतेला असेच संबोधतो. म्हणजे जो गुण पुरुषात दूषण तोच स्त्रीत भूषण, असा त्या काव्यसृष्टीचा शिरस्ता. मराठीत एकटा ‘भीरू’ आता फारसा चालत नाही, परंतु ‘पापभीरू’ मात्र खणखणीत चालतो, आणि तो स्तुतिपर आहे. स्थळाची चौकशी करताना ‘घराणं पापभीरू आहे’ असे कळले म्हणजे मुलीच्या बापाचा जीव भांड्यात पडतो. तेव्हा भिणे वाईट की चांगले याचा निवाडा भिण्यावरून होत नाही, कशाला भितो यावरून होतो.

‘कातर’ या शब्दाचा प्रवास तर याहून मनोरम आहे. संस्कृतातला ‘कातर’ प्राकृताच्या वाटेने हिंदीत ‘कायर’ झाला आणि तेथे त्याने तलवारीची धार धरली; हिंदी चित्रपटातल्या खलनायकाला नायक जे म्हणतो ते हेच. तोच ‘कातर’ मराठीत तत्सम रूपाने राहिला आणि मऊ झाला. कातर आवाज, कातर नजर, कातरवेळ. ज्या वेळी दिवे लागलेले नसतात आणि उजेडही उरलेला नसतो, माहेरवाशिणीला विनाकारण रडू येते, त्या वेळेला आपण हे नाव दिले. गोंदिया हे शहर या दोन भाषांच्या उंबरठ्यावर वसलेले आहे. पूर्वेला छत्तीसगड, उत्तरेला बालाघाट, घरांत पोवारी, गोंडी, लोधी, छत्तीसगढी आणि झाडीबोली, बाजारात हिंदी, शाळेत मराठी, असा तेथला बंदोबस्त. त्या शहरातल्या वर्गात मी एकदा ‘कातर’ शब्दाचा अर्थ विचारला, तेव्हा एका पोराने कापण्याची कात्री दाखवली, दुसऱ्याने ‘कायरवानी असन’ म्हणून उत्तर दिले. आणि मला कबूल करावे लागले, की इतिहासाच्या दृष्टीने त्याचेच उत्तर बरोबर आहे.

भित्र्या माणसासाठी जगातल्या बहुतेक भाषा जनावरांकडे धाव घेतात. आपला ‘शेळपट’ शेळीवरून आला. फारसीतला ‘बुजदिल’ हा शब्द उर्दूमार्फत आपल्या कानावर असतो. त्यातला ‘बुज’ म्हणजे बकरीच, बकरीचे काळीज असलेला तो बुजदिल. इंग्रज ज्याला ‘कॉवर्ड’ म्हणतो त्या शब्दाच्या पोटात जुन्या फ्रेंच भाषेतले, आणि त्याच्याही मागे लॅटिनमधले, शेपूट दडलेले आहे. आपण ‘शेपूट घातली’ म्हणतो. हजारो कोसांवरच्या दोन समाजांनी आपापल्या उकिरड्यावरच्या कुत्र्याकडे पाहून एकच प्रतिमा काढली, याचे नवल वाटते तितके वाटू नये. कुत्रे सगळीकडे शेपूट एकाच पद्धतीने घालते.

सशाची गोष्ट मात्र आपलीच, आणि फार जुनी. पाठीवर पान पडले म्हणून आभाळ कोसळल्याची हाकाटी करीत पळणारा ससा बालवाडीपासून आपल्याला ठाऊक आहे. पाली जातकांत तो दद्दभ जातक या नावाने येतो, तेथे पानाऐवजी बेलफळ पडते आणि पळणाऱ्या जनावरांच्या लोंढ्याला थांबवून चौकशी करणारा सिंह हा बोधिसत्त्व असतो. ही गोष्ट लहान मुलांना भित्रेपणाची म्हणून सांगितली जाते. पुन्हा वाचली तेव्हा मला ती सशाची वाटली नाही. त्या सशाला काही न विचारता मागे धावलेल्या हरणांची, डुकरांची, हत्तींची वाटली. शेळीच्या बाबतीतही मला थोडी तक्रार आहे. गोंदियाकडच्या गावांत रानातून परतणाऱ्या कळपात शेळी एकाएकी थबकली आणि तिने कान उभारले, तर गुराखीही थबकतो. ज्या जनावराच्या कानावर आपण भरवसा ठेवतो त्याचेच नाव आपण शिवी म्हणून वापरतो, हा कृतघ्नपणा मराठीने आणि फारसीने संगनमताने केलेला आहे.

जनावरांच्या खालोखाल बायकांचा क्रमांक. भागूबाई, बायल्या, ‘बांगड्या भर’, आणि या सर्वांचा फारसी सरदार ‘नामर्द’. शाळेच्या आवारात ‘भित्री भागूबाई’ हा घोष ऐकला नाही असा मराठी मनुष्य विरळा. या शब्दांविषयी फार लिहावे अशी त्यांची योग्यता नाही. फक्त ज्या कोणाला ते वापरण्याची हौस असेल त्याने चैत्राच्या तोंडाशी गोंदिया जिल्ह्यातल्या एखाद्या रानगावात पहाटे चारला उठावे. मोहफुले पहाटे गळतात, आणि जनावरांनी खाण्यापूर्वी ती वेचावी लागतात. म्हणून बायका टोपल्या घेऊन अंधारातच रानात शिरतात. वाकून वेचणारे माणूस वाघाला माणसासारखे दिसत नाही, असे तिकडचे लोक सांगतात, आणि बाईला हे ठाऊक असते. म्हणून त्या एकट्या जात नाहीत, थोड्याथोड्या वेळाने एकमेकींना हाका मारतात, आणि ओ आली नाही तर टोपली टाकून सगळ्या एका ठिकाणी गोळा होतात. ‘भेव नाही लागत का, बाई?’ असे मी एकीला विचारले होते. ‘लागते जी,’ ती म्हणाली, आणि पुढच्या झाडाकडे गेली.

‘भेव’ हा त्या बोलीतला भयाचा शब्द. झाडीबोलीत ण, छ, श, ष आणि ळ हे पाच वर्ण नाहीत. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोली या झाडीमंडळाच्या या बोलीचा जन्मभर अभ्यास करून डॉ. हरिश्चंद्र बोरकर यांनी तिला पुस्तकांत आणि संमेलनांत मानाचे आसन मिळवून दिले. या बोलीत भेव ‘लागते’, जशी तहान लागते, भूक लागते, ऊन लागते. प्रमाण मराठीत भीती ‘वाटते’. दोन्हीकडे भिणारा चतुर्थीत आहे: मला, मले. म्हणजे भीती हा माझा उद्योग नव्हे, ती माझ्याकडे आलेली पाहुणी आहे. भीतीचे आपले सगळे वाक्प्रचारही असेच, माणसावर येऊन पडणारे आहेत. पोटात गोळा येतो, हातपाय गळतात, बोबडी वळते, घाबरगुंडी उडते, तोंडचे पाणी पळते. यांपैकी एकही क्रिया मनुष्य स्वतः करीत नाही, त्याच्या अवयवांत ती परस्पर होते. एक वाक्प्रचार मात्र शरीर सोडून थेट बाजारात जातो: पाचावर धारण बसणे. धारण म्हणजे धान्याचा दर. रुपयाला इतकी मापे असा भाव सांगण्याच्या काळी तो उतरत उतरत पाचावर येऊन ठेपला म्हणजे दुष्काळ दाराशी आला असे समजावे, आणि त्या कल्पनेनेच गृहस्थाचे अवसान जावे. तांदळाच्या गिरण्यांवर आणि धानाच्या भावावर ज्याची नाडी चालते त्या गोंदियात हा वाक्प्रचार मूळ अर्थाने अजून कळतो, असा माझा अनुभव आहे. पुण्यात तो समजावून सांगावा लागतो.

पेशवाईच्या दप्तरात डोकावले तर ‘कचदिल’ भेटतो. कच्चे ज्याचे दिल तो कचदिल. आजच्या बोलण्यात तो मागे पडला, परंतु त्याचा भाऊबंद शोभेल असा ‘कच खाणे’ हा प्रयोग जिवंत आहे आणि मला तो या साऱ्या परिवारात सर्वांत न्यायी वाटतो. ‘ऐन वेळी त्याने कच खाल्ली’ असे आपण म्हणतो तेव्हा एका क्षणाविषयी बोलतो. आधी तो शूर असू शकतो, नंतरही असू शकतो. ‘भ्याड’ हे विशेषण मनुष्याला कायमचे चिकटते, ‘कच’ ही खाल्ली जाते आणि पचूनही जाते. पाणिनीने भ्यालेला आणि भीरु यांत जो भेद केला तोच येथे बखरकारांच्या भाषेने राखला.

हा भेद न राखला तर काय होते याचा दाखला युरोपात आहे. पहिल्या महायुद्धात ब्रिटिश लष्कराने आपल्याच ३०६ शिपायांना लष्करी न्यायालयाच्या हुकमाने पहाटेच्या वेळी उभे करून गोळ्या घातल्या. बहुतेकांवर पलटण सोडल्याचा गुन्हा होता, अठरा जणांवर नेमका भ्याडपणाचा. तोफांच्या अखंड माऱ्याने माणसाचे मन आणि मज्जासंस्था मोडून पडते, हात थरथरतात, वाचा जाते, आज्ञा ऐकू येऊनही पाय हलत नाहीत, हे वैद्यकाला तेव्हा नुकते कळू लागले होते. न्यायासनाला ते कळायला फार काळ लागला. २००६ साली ब्रिटिश संसदेच्या कायद्याने त्या सर्वांना मरणोत्तर माफी मिळाली. मधल्या नव्वद वर्षांत त्यांच्या बायकामुलांनी शेजाऱ्यांना काय सांगितले असेल, याची कल्पना ज्याने गावात दिवस काढले आहेत त्याने करावी. आपल्याकडेही १९५० च्या सेना अधिनियमाचे ३४ वे कलम शत्रूसमोर भ्याडपणा दाखवणाऱ्याला देहांतापर्यंत शिक्षा सांगते. भित्रेपणा हा कोणत्याही कायद्यात गुन्हा नाही. तोच रणांगणावर, गणवेशात, शपथ घेतल्यानंतर गुन्हा होतो. माझ्या तराजूला कायद्याचाही असा आधार आहे, हे लिहिताना थोडे बरे वाटते.

अलीकडे मात्र वर्तमानपत्रांनी या शब्दाला एक वेगळेच वळण लावले आहे. ‘भ्याड हल्ला’ हा जोडशब्द आता इतका रुळला, की हल्ला झाला म्हणजे निषेधाच्या पत्रकात ‘भ्याड’ आपोआप उमटतो. देवरी आणि सालेकसा तालुक्यांच्या रानांत नक्षलवाद्यांचा वावर राहिल्यामुळे गोंदियाच्या वाचकाने हा जोडशब्द वर्षानुवर्षे वाचला आहे. सुरुंग पेरून किंवा आडून गोळी घालून माणसे मारणे हे अमानुष आहे, निर्घृण आहे, निंद्य तर आहेच. परंतु तेथे ‘भ्याड’ म्हणजे धैर्यहीन असा अर्थ उरत नाही, समोर न येता केलेला असा अर्थ होतो. शिवाय ज्याची निंदा करायची त्याला सर्वांत झोंबेल तो शब्द निवडावा, हा निषेधाचा जुना कायदा आहेच. भाषाशिक्षकाने त्यावर हरकत घ्यावी असे नाही. अर्थ सरकला एवढी नोंद करावी. वाघही आडूनच, आणि शक्यतो मागूनच, हल्ला करतो, पण नागझिऱ्याच्या वाघाला भ्याड म्हणायची कोणाची छाती होत नाही.

नागझिऱ्याचे नाव निघालेच आहे तर सांगतो. १९९९ साली भंडाऱ्यातून गोंदिया जिल्हा वेगळा झाला आणि २०१३ मध्ये नवेगाव व नागझिरा मिळून व्याघ्र प्रकल्प झाला, त्याच्या पुष्कळ आधी व्यंकटेश माडगूळकर नागझिऱ्याच्या रानात जाऊन राहिले आणि त्यांनी त्यावर पुस्तक लिहिले. मारुती चितमपल्ली तर वनखात्याच्या नोकरीत नवेगावबांधला वर्षानुवर्षे होते, आणि माधवराव पाटील डोंगरवार या तेथल्या जाणत्या गृहस्थांपाशी त्यांनी रानाची विद्या घेतली. कावळ्यांच्या वसाहतीला ‘काकागार’ असे देखणे नाव देणाऱ्या या लेखकाच्या लेखनात रानातले मनुष्य आणि जनावर जागोजाग भिते, दबकते, कान देते, मागे सरते. आणि त्यात कोठे उणेपणा आल्यासारखे वाटत नाही. शहरातल्या वाचकाला रानातला मनुष्य निर्भय असतो असे वाटते. प्रत्यक्षात त्याच्याकडे भयाची शिस्त असते. कोणत्या वेळी कोणत्या वाटेने जाऊ नये, कोणत्या पाणवठ्यावर अंधार पडल्यावर थांबू नये, याचे नियम त्याला बापाकडून वतनासारखे मिळालेले असतात. भेडकीचे ओरडणे हा त्या दप्तरातलाच एक कागद. वाघ किंवा बिबट्या दिसला, किंवा नुसता वास आला, तरी ती ओरडू लागते आणि पुष्कळ वेळ थांबत नाही. ओरडल्याने तिचा ठावठिकाणाही उघड होतो. परंतु आपण दिसलो आहोत हे कळल्यावर दबा धरलेल्या शिकाऱ्याचा डाव फुकट जातो, आणि भोवतालची चितळे, माकडे, मोर आणि मचाणावरचा म्हातारा यांनाही वर्दी पोहोचते. नराच्या वरच्या जबड्यात बाहेर आलेले दोन सुळे असतात, आणि कुत्र्यांनी कोंडीत धरला तर तो ते वापरतो.

त्या रात्री आवाज थांबला तो पहाटेच्या आधी तासभर. उजाडल्यावर आम्ही मचाणावरून उतरलो. गावाकडे जाणारी जवळची वाट एका जुन्या मालगुजारी तलावाच्या पारेवरून, म्हणजे बांधावरून, होती. पारेच्या तोंडाशी ओल्या मातीत पंजे उमटलेले होते. कडा अजून कोरल्यासारख्या ताज्या, आणि एका पंजात पाणी हळूहळू भरत होते. म्हातारा उकिडवा बसला, त्याने बोटे न लावता हाताने माप घेतले, एकदा तलावाच्या पलीकडच्या बेशरमीच्या झुडपांकडे पाहिले, आणि काही न बोलता वळून बांध्यांमधल्या लांबच्या वाटेला लागला. समोरून त्याचे दोन नातू आमच्यासाठी चहाची किटली घेऊन येत होते. आजोबांनी जवळची वाट सोडलेली पाहून थोरला हसला आणि म्हणाला, ‘आबाजी भेले!’

‘हो बा, भेलो,’ म्हातारा म्हणाला, आणि धाकट्याच्या हातातली किटली आपल्या हातात घेऊन त्याने दोघांनाही आपल्या पुढे घातले.